नजरेच्या वाटेतला माणूस

त्या रविवारी कॉफीची पाळी विएनो कल्लिओची होती. स्लेट हार्बरच्या कॅमेरा क्लबात दर महिन्याला एकेकाने कॉफी करायची आणि सोबत काहीतरी गोड आणायचं, असा नियम होता. म्हणून दुपारी दोन वाजता विएनो एका हातात वेलदोडा घातलेल्या पावाची टोपली आणि दुसऱ्या काखेत टॉवेलात गुंडाळलेला फोटो घेऊन लुथरन चर्चच्या तळघराच्या पायऱ्या उतरली. पाव सकाळीच भाजलेला होता. फोटो मात्र तीन वर्षांपूर्वीचा होता, आणि तो चारचौघांत मांडायचं धाडस तिला आज कुठे झालं होतं.

स्पर्धेचे परीक्षक मिलवॉकीहून आले होते. हॅरोल्ड विंटन. मासिकांत त्यांचे फोटो छापून यायचे, आणि ही गोष्ट समोरच्याच्या लक्षात राहील याची ते स्वतः काळजी घ्यायचे. हातात एक बारीक छडी. कोटाच्या खिशात एल आकाराचे दोन काळे पुठ्ठे. हे दोन पुठ्ठे फोटोवर मागेपुढे सरकवून नको तो भाग झाकायचा आणि उरलेला चौकोन लोकांना दाखवायचा, ही त्यांची खासियत होती.

क्लबाची पद्धत अशी की फोटोवर नाव नसायचं. एकेक फोटो दिव्याखाली ठेवायचा, परीक्षकांनी बोलायचं, आणि ज्याचा फोटो असेल त्याने चेहऱ्यावरची रेषही न हलवता गप्प बसायचं. हा नियम कुणी केला देव जाणे. बहुधा एखाद्या परीक्षकानेच केला असणार.

"फोटो बघणारा माणूस म्हणजे आंधळा पाहुणा," विंटन म्हणाले. "त्याचा हात धरून न्यायचं. कुठून आत शिरायचं, कुठे वळायचं, कुठे जाऊन थांबायचं, सगळं तुम्ही ठरवायचं. त्याला वाटतं आपण आपल्या मर्जीने बघतोय. वाटू द्या."

सगळे हसले. विएनो कॉफीच्या किटलीपाशी उभी होती. तीही थोडी हसली.

मग तिचा फोटो दिव्याखाली आला. पाटीसारखं करडं पाणी, तसंच करडं आभाळ. खालच्या उजव्या कोपऱ्यातून बंदराची दगडी भिंत निघालेली, ती निमुळती होत होत लांब पाण्यात गेलेली, आणि टोकाला इवलासा लाल दीपस्तंभ. अख्ख्या फोटोत रंग म्हणावा तर तेवढाच. आणि भिंत जिथे सुरू होते तिथे, कोपऱ्यात, एक माणूस. मान पाण्याकडे वळवलेली, डोक्याला कानटोपी, तिची एक कानपट्टी खाली आणि एक वर, आणि डावा हात भिंतीच्या तोंडावर आडवा धरलेला.

"वा!" विंटन पुढे झाले. "नजर इथून शिरते आणि भिंतीवरून चालायलाच लागते बघा. लाटांच्या रेघा, ढग, ही पाखरांची ओळ, सगळे तिला एकाच दिशेने ढकलतात. आणि टोकाला हा लाल ठिपका. लाल रंग हाक मारतो. चित्रात कुठेही मोहरीएवढा लाल असू दे, डोळा तिथे जाणार म्हणजे जाणार." मग छडी खाली आली आणि त्या माणसाच्या छातीवर टकटकली. "पण हे काय ध्यान? ऐन वाटेत हात आडवा करून उभं! नजर इथे थडकते, अडखळते आणि मागे फिरते. हा माणूस इथे नको."

विएनोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते ध्यान म्हणजे तिचा नवरा होता. तौनो. गेल्या फेब्रुवारीत झोपेतच गेला.

तौनो खनिजाच्या धक्क्यावर क्रेन चालवायचा. लेक सुपीरियरला तळं म्हणतात, पण ते तळं भल्या भल्या समुद्रांना पाणी पाजेल असं आहे. वायव्येचा वारा दोन दिवस झोडपून थांबतो, आभाळ निवळतं, ऊन पडतं, माणसं फिरायला बाहेर येतात. आणि तेव्हाच कुठून तरी तीन लाटा एकामागून एक येऊन सबंध भिंत धुऊन काढतात. गावात त्यांना तीन बहिणी म्हणतात. एकदा तौनोने क्रेनवर बसून हे बघितलं होतं. सहलीला आलेलं एक जोडपं, हातात सँडविचं, वर निळं आभाळ, आणि पुढच्या मिनिटाला भिंतीवर कुणीच नाही. त्या दिवसापासून वायव्येचा वारा आला की तौनो भिंतीच्या तोंडाशी जाऊन हात आडवा करून उभा राहायचा. अठरा वर्षं. कुणी नेमलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. पोरंटोरं त्याला ‘फाटक’ म्हणून चिडवायची आणि मोठी माणसं तोंड फिरवून हसायची. तो लाटा मोजत उभा असायचा. पहिली, दुसरी, तिसरी.

आणि आता छातीवर छडी मारून हा परका माणूस त्याला ध्यान म्हणत होता, आणि नियम असा की विएनोने गप्प बसायचं.

विंटननी खिशातून ते दोन काळे पुठ्ठे काढले. एक खालून, एक उजवीकडून. तौनो गेला.

सगळ्या तळघरातून एक लांब सुस्कारा उठला. विएनोची नजरही फोटोत शिरली आणि तिला थांबताच येईना. भिंतीवरून ती चालत निघाली, दगडामागून दगड, त्या लाल ठिपक्याकडे... कॉफीचा वास विरला. ओल्या दगडाचा, शेवाळाचा वास आला. कुठेतरी खोल पाणी गडगडलं. तिची एक टाच आपोआप जमिनीवरून उचलली गेली...

विंटननी पुठ्ठे उचलले. तौनो परत दिसला, आणि विएनोची टाच जमिनीवर टेकली.

"पाहिलंत?" विंटन म्हणाले. "एवढं कापा आणि पहिलं बक्षीस तुमचं."

सगळे गेल्यावर विएनो कप गोळा करत होती. तळघराच्या फरशीला आदल्या दिवशीच मेण लावलेलं होतं. त्या मेणावर बावीस खुर्च्यांचे ओरखडे उठले होते. बावीसच्या बावीस खुर्च्या फोटोच्या दिशेने वीतभर पुढे सरकलेल्या होत्या. बसलेल्यांपैकी कुणीही मधे उठलेलं तिला आठवत नव्हतं.

क्लबाचा अध्यक्ष वेस ट्रेंबाथ. त्याचं लोखंडी सामानाचं दुकान, आणि बंदर समितीचा अध्यक्षही तोच. आठवड्याभरात तो निगेटिव्ह मागायला आला. पर्यटकांसाठी पोस्टर काढायचं होतं.

"देईन," विएनो म्हणाली. "पण तौनोला हात लावायचा नाही."

"छे गं विएनो, काय बोलतेस! तौनो म्हणजे आपल्या गावाची शान."

मे महिन्यात पोस्टरं आली. विएनोने पहिलं पाहिलं ते तिच्या मैत्रिणीच्या, लेंपीच्या, बेकरीच्या खिडकीत. भिंत होती, लाटा होत्या, लाल दीपस्तंभ होता. तौनो नव्हता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘या, चालत या.’

विएनो राई ब्रेड न घेताच तडक वेसच्या दुकानात गेली.

"कुठाय तो?"

वेसने खिळ्यांचा खोका उगाचच इकडून तिकडे ठेवला. "अगं, मिस्टर विंटन स्वतः म्हणाले ना, त्याच्यामुळे नजर अडखळते..."

"अडखळायलाच हवी होती! अठरा वर्षं तो उभा राहिला तो कशासाठी? शोभेला?"

"हे बघ, लोकांना बोलवायचं पोस्टर आहे. त्यात दारातच एक म्हातारा हात आडवा करून उभा. कोण येईल गं?"

"जिवंत परत जायचं असेल तो येईल."

"तू फार मनाला लावून घेतेस," वेस म्हणाला.

मनाला लावून घेतेस! या वेसनेच तौनोच्या अंत्यविधीला हॅमची तीन सँडविचं खाऊन, रुमालाने डोळे टिपत, तौनो आपला पहारेकरी होता म्हणून भाषण ठोकलं होतं. माणूस जिवंत असताना हसायचं, मेल्यावर रडायचं, आणि रडून झालं की कातरी घ्यायची, अशी ही जात.

जूनपासून पर्यटक यायला लागले. पूर्वीपेक्षा जास्तच. आणि लेंपीला काहीतरी खटकायला लागलं.

"माणसं खिडकीशी येतात," तिने विएनोला सांगितलं. "पाव बघायलाच येतात गं, वासावर. मग त्यांचं लक्ष त्या पोस्टरकडे जातं. बघतात... बघतात... आणि चालायला लागतात. आत येत नाहीत. काल एक बाई निम्मा बन हातात धरून गेली. ओहायोचा एक माणूस गाडीचं इंजिन चालू ठेवून गेला. सगळे एकाच दिशेने."

"भिंतीकडे."

"भिंतीकडे," लेंपी हळूच म्हणाली. "आणि विएनो... मी पण परवा गेले होते. अर्ध्या रस्त्यात शुद्धीवर आले. अंगात अॅप्रन, हाताला पीठ."

जुलैत दोघं जण चिंब भिजून, गुडघे फोडून परत आले. ऑगस्टच्या नऊ तारखेला मिस पार्डी नावाच्या एका संगीतशिक्षिकेने बेकरीत कॉफी मागवली, अर्धी प्यायली, खिडकीतून उलट्या बाजूने त्या पोस्टरकडे पाहिलं, आणि उठून गेली. ऊन होतं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. लेंपीला वाटलं, येईल परत. कॉफी निवली. तीन दिवसांनी मिस पार्डीचा फक्त एक बूट मिळाला.

गावाने हळहळ व्यक्त केली. बंदर समितीने ‘दुर्दैवी अपघात’ असा ठराव केला, आणि पुढच्या हंगामासाठी आणखी पाचशे पोस्टरं छापायचाही केला. एकाच बैठकीत.

विएनोचं डोकं फिरलं. तिने त्या रात्री जेवण केलं नाही. काळा कागद घेतला, टॉवेलातला फोटो समोर ठेवला आणि कातरीने तौनो कापायला बसली. टोपी, एक कानपट्टी खाली, एक वर, हात आडवा. चाळीस तौनो कापले. सकाळी पिठाची खळ करून तिने गावातल्या प्रत्येक पोस्टरच्या कोपऱ्यात एकेक चिकटवला.

लेंपीच्या खिडकीशी त्या दिवशी माणसं आली, पोस्टर बघायला लागली, आणि मग झोपेतून हलवल्यासारखी डोळे चोळून आत आली. बारा वाजेपर्यंत लेंपीचा सगळा पाव संपला.

दुपारी वेस चिडून आला. "गावाची मालमत्ता विद्रूप करतेस? शेरीफला बोलावू का?"

"बोलाव. मिस पार्डीचा बूट पण आणायला सांग त्याला."

वेसने एकोणचाळीस तौनो खरवडून काढले. चाळिसावा लेंपीच्या खिडकीत होता. तिथे लेंपी लाटणं घेऊन दारात उभी राहिली, म्हणून तो वाचला.

मग विएनोच भिंतीवर जायला लागली. वायव्येचा वारा आला की हातातलं काम टाकून निघायचं आणि भिंतीच्या तोंडाशी हात आडवा करून उभं राहायचं. पासष्टीची बाई, गुडघे कुरकुरायचे. उभ्या उभ्या ती तौनोला शिव्या घालायची, वेसला घालायची, आणि विंटनला तर रोजच्या रोज. सप्टेंबरात हात गारठायला लागले तेव्हा तिने तौनोचा करडा स्वेटर उसवला आणि त्या लोकरीचे मिटन, अंगठा तेवढा वेगळा असलेले हातमोजे, विणले. जेमतेम एक जोडी झाली. बोटभर लोकरही उरली नाही.

ऑक्टोबरात क्लबाच्या स्पर्धेला विंटन पुन्हा आले. दोन दिवस वादळ झालं होतं, त्या दिवशी सकाळी वारा पडला आणि लख्ख ऊन आलं. विएनो स्पर्धेला जाणार नव्हती. साडेबाराच्या सुमारास फोन वाजला.

"विएनो," लेंपी होती. "तो मिलवॉकीचा शहाणा आत्ता दुकानासमोरून गेला. ना टोपी, ना कोट. वेसने त्याला ते पोस्टर फ्रेम करून भेट दिलं म्हणे, तेच बघत बसला होता. मी हाक मारली गं. वळूनसुद्धा बघितलं नाही."

विएनो फोन हातात धरून उभी राहिली. खिडकीतून भिंत दिसत होती, कोरडी, उन्हात चमकणारी. तिच्या मनात आलं, जाऊ दे मेल्याला. ज्याने वाटेतला माणूस काढला त्यालाच कळू दे तो तिथे का होता. ही गोष्ट न्यायाची होती. कुणाही समंजस माणसाने मान डोलावली असती.

पण तौनोने अठरा वर्षांत कधी कुणाला नाव विचारलं नव्हतं. त्याचाही तिला राग आला. तिने मिटन उचलले आणि निघाली. घरापासून भिंत जवळ, म्हणून ती आधी पोचली.

विंटन आले ते नाकासमोर. गळ्यात कॅमेरा, डोळे त्या लाल ठिपक्यावर. पायाखाली दगड आहे की गवत, ते बघत नव्हते. विएनोने हात आडवा केला.

"थांबा."

ते थांबले. तिच्याकडे न बघताच त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. "बाई, बाजूला व्हा. चित्रात येताय."

"यायलाच उभी आहे."

"नजर... अडखळते हो..." आवाज झोपेतल्या माणसासारखा होता. त्यांनी एक पाऊल टाकलं. विएनोने मिटन घातलेला हात त्यांच्या छातीवर टेकवला, बरोबर जिथे त्यांनी तौनोला छडी मारली होती तिथे.

भिंतीच्या टोकाशी पाणी उसळलं. दीपस्तंभ क्षणभर दिसेनासा झाला.

"पहिली," विएनो म्हणाली.

"बाजूला व्हा ना..." कॅमेऱ्याच्या वर कपाळाला आठ्या पडल्या. "आणि त्यांनाही सांगा. तुम्ही... तुम्ही दोघंही बाजूला व्हा."

विएनो वळली नाही. वळावंसं फार वाटलं, पण वळली नाही. तिच्या उजव्या खांद्यामागे वारा एकाएकी लागेनासा झाला होता, कुणी आडोशाला उभं राहिल्यावर होतो तसा. ओल्या लोकरीचा वास आला. आणि डांबराच्या साबणाचा. शनिवारच्या सौनानंतर, वाफेच्या अंघोळीनंतर, घरभर यायचा तो. घरातली शेवटची वडी मार्चमध्ये संपली होती.

"दुसरी," ती म्हणाली. निम्मी भिंत पांढरी झाली.

तिसरी आली तेव्हा आवाज आधी आला. सबंध भिंतीवरून पाणी धावत आलं, विंटन जिथे जाऊन उभे राहणार होते ती जागा, त्याच्या पुढची, त्याच्या पुढची, आणि त्यांच्या बुटांपाशी येऊन फेस होऊन थांबलं. विंटन मटकन दगडावर बसले. कॅमेरा छातीवर लोंबकळत होता. त्यांनी मान वळवून दोन्ही बाजूंना पाहिलं.

"ते गृहस्थ कुठे गेले?" त्यांनी विचारलं. "कानटोपीवाले. एक पट्टी खाली होती."

"तुम्हीच कापलंत ना त्यांना," विएनो म्हणाली. "आता मला काय विचारता?"

विंटननी वेसला पत्र लिहिलं, की माझी चूक झाली, फोटो सबंध छापा. गावच्या बाईने सहा महिने घसा कोरडा केला तेव्हा जे कळलं नाही, ते मिलवॉकीच्या कागदावर आलं आणि वेसला लगेच पटलं. वसंतात नवी पोस्टरं आली.

विएनो लेंपीच्या खिडकीसमोर जाऊन उभी राहिली. नजर फोटोत शिरली, आणि पहिल्याच पावलाला तौनोपाशी थांबली. तिला रडू आलं. वर्षभरात पहिल्यांदा राग नसलेलं रडू. तिने डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं.

या वेळी नजर तौनोपाशी थांबली नाही. त्याच्या शेजारी गेली. तिथे लाल काहीतरी होतं, मोहरीएवढं.

तौनोच्या पलीकडे एक बाई उभी होती. पाठमोरी, थोडी वाकलेली, उजवा हात आडवा धरलेली. हातात करडा मिटन. आणि मिटनच्या अंगठ्याला लाल लोकरीचं रफू.

तो फोटो विएनोने स्वतः काढला होता. त्या दिवशी भिंतीवर तौनोखेरीज चिटपाखरू नव्हतं. तिने आपल्या हातातले मिटन वर धरून बघितले. अंगठे शाबूत होते.

"कोण गं ही बाई?" आतून लेंपीने विचारलं.

"असेल कुणीतरी," विएनो म्हणाली.

घरी येऊन तिने टॉवेलातला फोटो काढला. त्यात तौनो एकटाच होता. वेसने परत केलेली निगेटिव्ह खिडकीशी उजेडात धरली. तीत दोघं होती. विएनोने निगेटिव्ह खणात टाकून खण आपटून बंद केला. मग घरातली होती नव्हती तेवढी लाल लोकर, दोन मोठे गुंडे, पिशवीत भरून चर्चच्या विक्रीला देऊन आली.

तो उन्हाळा बरा गेला. नवं पोस्टर बघून लोक थांबत, बेकरीत शिरत. पण जुनी पोस्टरं तोवर कुठल्या कुठे पोचली होती. ओहायोतल्या दवाखान्यांत, इंडियानातल्या पेट्रोल पंपांवर, कुणाच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर होऊन. तिथून माणसं येतच राहिली. विएनो उभी राहतच राहिली. सप्टेंबरात उजव्या मिटनच्या अंगठ्याला भोक पडलं. त्यातून वारा शिरायचा, अंगठा निळा पडायचा. ती रफू करेना.

"अगं, दे इकडे, दोन मिनिटांचं काम," लेंपी म्हणायची.

"राहू दे म्हणते ना!"

ऑक्टोबरच्या अखेरीस वारा पडून ऊन आलं त्या दिवशी ती बेकरीत कॉफी प्यायला थांबली. ओले मिटन लेंपीने आत भट्टीशेजारी वाळत टाकले. लेंपीशी दोन शब्द बोलून, मिटन खिशात कोंबून ती निघाली. भिंतीच्या तोंडाशी येऊन तिने ते हातात चढवले. उजवा अंगठा उबदार लागला.

तिने खाली पाहिलं. भोक बुजलं होतं. नीटनेटकं, बारीक टाक्यांचं रफू. लोकर लाल होती. लेंपी दर वर्षी चर्चच्या विक्रीतून लोकर घेते, हे तिला तेव्हा आठवलं.

रस्त्यावर इंडियानाची एक गाडी दारं उघडी टाकून उभी होती. नवरा, बायको आणि बायकोची म्हातारी आई, तिघंही भिंतीकडे चालत येत होती. हसत नव्हती, बोलत नव्हती. तिघांचे डोळे विएनोच्या डोक्यावरून पलीकडे, त्या लाल दिव्याकडे. विएनोला घरी जाता आलं असतं. मिटन काढून पाण्यात फेकता आला असता. दोन्ही गोष्टी तिच्या मनात येऊन गेल्या.

"मला इथे उभं करायच्या आधी विचारायचं तरी होतंस, तौनो," ती रागाने म्हणाली. "एका शब्दाने तरी विचारायचं होतंस."

आणि तिने हात आडवा केला.

तिघं अडखळली. बायकोने डोळे चोळले, आणि मग ओशाळून हसली. "आम्ही आपलं नुसतं दिव्यापर्यंत जाऊन येणार होतो," ती म्हणाली. एकदा विएनोकडे आणि एकदा तिच्या बाजूला बघून तिने विचारलं, "तुम्ही दोघं रोज असता का इथे?"

"वायव्येचा वारा असला की," विएनो म्हणाली.

टोकाशी पाणी उसळलं. विएनोने तोंड उघडायच्या आधीच तिच्या कानाशी कुणीतरी "पहिली" म्हणालं, आणि राग गिळून ती पुढच्या मोजायला लागली.